बास्केटबॉलपटूचे गुडघे किती वर्षे साथ देतात?

बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर असते. १८९१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथे जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकाने व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या टोपल्या ठोकल्या. तो सज्जा दहा फुटांवर होता. पुढे खेळाडू उंच होत गेले, नियम बदलले, पण रिंग तेथेच राहिली. त्यामुळे या खेळात उंचीला आणि उडीला जे मोल आले, ते फार थोड्या खेळांत आहे. साताऱ्यात संध्याकाळी मुलांना सरावाला सोडायला येणारे पालकही आधी उंचीचीच चौकशी करतात. कारकीर्द किती वर्षे चालेल, हे ठरण्यात मात्र गुडघ्याच्या वाटीपासून नडगीच्या वरच्या उंचवट्यापर्यंत जाणाऱ्या, जेमतेम पाच सेंटिमीटर लांबीच्या कंडरेचा मोठा वाटा असतो.

कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा चिवट पट्टा. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा सारा जोर याच पट्ट्यातून नडगीपर्यंत पोहोचतो. एखादा खेळाडू ६० सेंटिमीटर उडी मारतो असे धरू. तो सुमारे ०.७ सेकंद हवेत राहतो आणि त्यातला निम्मा वेळ उडीच्या वरच्या चौथ्या हिश्श्यात जातो. खेळाडू हवेत क्षणभर थांबल्याचा जो भास प्रेक्षकांना होतो, त्याचे कारण एवढेच आहे. खाली येताना त्याचा वेग ताशी सुमारे १२ किलोमीटर होतो आणि तो वेग शरीराला तेथल्या तेथे शून्यावर आणावा लागतो. गुडघे आणि कंबर वाकवून शरीर ३० सेंटिमीटर खाली घेत तो थांबला, तर जमिनीकडून मिळणारा सरासरी दाब त्याच्या वजनाच्या तिप्पट असतो. पाय ताठ ठेवून १० सेंटिमीटरांतच थांबला, तर तोच दाब सातपट होतो. अकरावीच्या भौतिकशास्त्रात बसणारे हे गणित आहे, पण सामन्याच्या गर्दीत, दोन खेळाडूंच्या मध्ये, एका पायावर उतरताना ते पाळणे सोपे नसते.

अजिंक्यताऱ्यावर रोज सकाळी फेरी मारणाऱ्यांना यातले मर्म वेगळे सांगायला नको. चढताना दम लागतो. गुडघे बोलू लागतात ते उतरताना. उतरताना मांडीचा स्नायू लांबत असतानाच जोर लावत असतो आणि या स्थितीत तो कंडरेवर फार मोठा ताण आणू शकतो. उडीनंतर जमिनीवर येण्याची क्रिया त्याच प्रकारची, फक्त सेकंदाच्या काही भागात उरकलेली असते. नॉर्वेतील अव्वल खेळाडूंच्या २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बास्केटबॉल खेळणाऱ्या पुरुषांपैकी सुमारे ३२ टक्के, तर व्हॉलीबॉल खेळणाऱ्यांपैकी सुमारे ४५ टक्के जणांना या कंडरेचे दुखणे होते. अमेरिकेच्या एनबीए स्पर्धेत एका हंगामात प्रत्येक संघ ८२ साखळी सामने खेळतो, हे लक्षात घेतले म्हणजे तेथे खेळाडूंना मधूनमधून सक्तीची विश्रांती का दिली जाते, ते कळते. प्रेक्षक त्यावर चिडतात, आणि पैसे मोजून तिकीट काढलेल्या माणसाचा राग मला तरी रास्त वाटतो. पण शरीरशास्त्र संघाच्या बाजूचे आहे.

या बाबतीतला सर्वांत विलक्षण पुरावा अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे हाती आला. १९५५ ते १९६३ या काळात वातावरणात झालेल्या स्फोटांनी हवेतील कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण जवळजवळ दुप्पट केले आणि चाचण्यांवर बंदी आल्यावर ते हळूहळू उतरत गेले. हवेतला कार्बन वनस्पतींत, तेथून अन्नात आणि अन्नातून आपल्या शरीरात येतो. त्यामुळे एखाद्या ऊतीतला कार्बन-१४ मोजला, तर ती ऊती कोणत्या वर्षांच्या अन्नातून घडली, याचा अंदाज बांधता येतो. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१३ मध्ये टाचेच्या कंडरेच्या गाभ्यासाठी हे केले. तेथला कार्बन त्या व्यक्तीच्या आयुष्यातल्या पहिल्या सुमारे सतरा वर्षांतल्या हवेशी जुळला. स्नायूंची झीज भरून निघत राहते, पण कंडरेचा गाभा मोठेपणी जवळजवळ नव्याने बनत नाही. गुडघ्यातील कूर्चेच्या, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत अस्तराच्या, कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाबाबतही पुढे हाच निष्कर्ष निघाला. व्यायामाने प्रौढ कंडरा अधिक ताठ आणि काही प्रमाणात जाडही होते, हे खरे. तरी विसाव्या वर्षी करारावर सही करणारा खेळाडू जो गाभा घेऊन येतो, तो बहुतांशी शाळेत असतानाच तयार झालेला असतो.

आपल्याकडे शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांत होतात. म्हणजे कंडरा घडण्याचा काळ आणि जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढण्याचा काळ एकच. याच वयात हाडे झपाट्याने वाढतात आणि नडगीच्या ज्या उंचवट्यावर ही कंडरा चिकटते, तो भाग अजून पुरता पक्का झालेला नसतो. तेथे सूज येऊन वाटीखाली दुखरे टेंगूळ दिसू लागते. बहुतेकांचे ते वाढ पूर्ण झाल्यावर थांबते. अडचण अशी की, वर्गातला सर्वांत उंच मुलगा शाळेच्या संघात असतो, क्लबच्या संघात असतो आणि वरच्या वयोगटातही त्यालाच उतरवले जाते, शिवाय सराव बहुधा सिमेंटच्या मैदानावर. दहावीचे सवलतीचे गुण आणि पुढे शासकीय नोकरीतील खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण डोळ्यांसमोर असताना 'या महिन्यात कमी खेळ' असे त्याला कोण म्हणणार? माझ्या मते प्रशिक्षकाच्या वहीत गुणांच्या शेजारी उड्यांचाही एक रकाना असायला हवा.

उंचीचेही स्वतःचे गणित आहे. शरीर सर्व बाजूंनी दहा टक्के वाढले, तर वजन सुमारे ३३ टक्के वाढते, पण तो भार पेलणाऱ्या हाडाच्या छेदाचे क्षेत्रफळ २१ टक्केच वाढते. २.२९ मीटर उंचीचा चीनचा याओ मिंग पायाच्या हाडांना वारंवार गेलेल्या तड्यांमुळे २०११ मध्ये, तिशीतच निवृत्त झाला. याउलट एनबीएमधले करीम अब्दुल-जब्बार वयाच्या ४२ व्या वर्षापर्यंत, वीस हंगाम खेळले. त्यांचा ठेवणीतला फटका डोक्यावरून एका हाताने वळवून टाकण्याचा होता. त्याला फार मोठी उडी लागत नसे. ते नियमाने योगासनेही करत. वयानुसार उडी घटते, पण मनगटाचा अंदाज आणि खेळ ओळखण्याची नजर टिकून राहते, म्हणून तिशीनंतरचे खेळाडू रिंगपासून दूर उभे राहून फेकण्यावर भर देतात.

दुखणाऱ्या कंडरेला नुसती विश्रांती दिली की वेदना थांबतात, पण खेळायला लागताच त्या परततात, कारण ताण पेलण्याची तिची ताकद दरम्यान कमी झालेली असते. स्वीडनचे शल्यविशारद अल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये टाचेच्या कंडरेसाठी उलटा मार्ग प्रसिद्ध केला: पायरीच्या कडेवर उभे राहून टाच सावकाश खाली नेणे, दिवसाला १८० वेळा, बारा आठवडे. गुडघ्यासाठी त्याच धर्तीवर उतरत्या फळीवर एका पायाने हळूहळू बसण्याचा व्यायाम देतात आणि पुढे वजन वाढवत नेतात. व्यायाम करताना थोडे दुखले तर चालते. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना दुखणे आदल्या दिवसापेक्षा वाढलेले असेल, तर भार कमी करायचा, असा साधा नियम फिजिओथेरपिस्ट सांगतात.