बीएचक्यू: पट्टेरी लोहखडक आणि त्याच्या नावातला घोळ

गोव्यातल्या डिचोली-सांगे भागातल्या लोहखाणींवर काम केलेल्यांना बीएचक्यू हा पट्टेरी लोहखडक लांबूनही ओळखता येतो. एक पट्टा काळपट करडा, पुढचा लाल किंवा पांढुरका, मग पुन्हा काळपट. कधी नखाएवढे बारीक, कधी बोटभर जाड. नवख्या माणसाची गफलत होते ती जांभ्याशी, कारण दोन्ही तांबडे आणि बहुतेक वेळा एकाच डोंगरावर. पण जांभ्याला छिद्रे असतात, पट्टे नसतात. खात्री करायची तर बिनझिलईच्या चिनीमातीच्या तुकड्यावर गडद पट्टा घासावा. लालसर तपकिरी रेघ उमटली तर हेमेटाइट हे लोहखनिज. रेघ काळी आणि लोहचुंबकही चिकटत असेल तर मॅग्नेटाइट, हेही लोहखनिजच. फिकट पट्टा काचेवर ओरखडा काढतो.

हे थर समुद्राच्या तळाशी साचले. प्राणवायू नसलेल्या पाण्यात लोह विरघळलेले असे; ते ऑक्सिडीकरण होऊन सिलिकासोबत (वाळूचा मुख्य घटक) तळाला बसले. सर्वांत मोठे साठे २५० कोटी वर्षांच्या आसपासचे आहेत. पट्टे नेमके कशामुळे आलटून पालटून पडले, यावर अजून एकमत नाही.

खरा घोळ आहे तो नावात. बीएचक्यू म्हणजे बँडेड हेमेटाइट क्वार्टझाइट. क्वार्टझाइट म्हणजे वालुकाश्म उष्णता-दाबाखाली बदलून झालेला खडक, म्हणजे मुळात वाळू. या खडकातली सिलिका वाळू म्हणून वाहत आलीच नाही. ती पाण्यातून चर्टच्या, म्हणजे अतिबारीक कणांच्या सिलिकेच्या, रूपात बसली आणि पुढे रूपांतरणात तिचे स्फटिक मोठे झाले. भिंगाखाली ते दाणे वाळूसारखे दिसतात, म्हणून नाव चिकटले. जिथे सिलिका लाल आणि बारीक राहिली तिथे त्याच खडकाला बीएचजे म्हणतात, ‘जे’ म्हणजे जॅस्पर, ही लाल सिलिका. एकाच थराला दोन गावांत दोन नावे! अमेरिकेत सुपीरियर सरोवराच्या परिसरात याच कुळाला टॅकोनाइट म्हणतात, ब्राझीलमध्ये इटाबिराइट. १९५०च्या दशकात अभ्यासकांनी साधी व्याख्या केली: पातळ थरांचा, १५ टक्के किंवा अधिक लोह असलेला रासायनिक गाळाचा खडक. ती स्वीकारून आपण ‘क्वार्टझाइट’ केव्हाच सोडायला हवे होते, असे मला ठामपणे वाटते. आपल्याकडे मात्र अहवालांत तेच नाव टिकले, आणि त्याबरोबर हा निव्वळ कठीण, निरुपयोगी दगड असल्याचा समजही.

कारण गोव्यात विकला गेला तो बीएचक्यू नव्हे, त्याचे कुजलेले रूप. पावसाच्या पाण्याने सिलिका हळूहळू वाहून नेली आणि मागे लोहाने समृद्ध भुसभुशीत खनिज व ब्लू डस्ट (हेमेटाइटची बारीक भुकटी) उरली. न कुजलेल्या खडकात लोह साधारण ३० ते ४० टक्केच.

पूर्वी हेमेटाइटचा माल खनिज मानण्यासाठी किमान मर्यादा ५५ टक्के लोह होती. त्याखालचा माल डंपवर, म्हणजे टाकाऊ मालाच्या ढिगावर, जाई. चीनची मागणी वाढल्यावर तेच जुने डंप उकरून जहाजांत भरले गेले. २००९मध्ये मर्यादा ४५ टक्क्यांवर आली आणि सिलिकायुक्त हेमेटाइटसाठी ३५ टक्क्यांची वेगळी मर्यादा ठरली. मर्यादेवरचा माल टाकाऊ म्हणून फेकता येत नाही, वेगळा साठवावा लागतो. म्हणजे खडक तोच, कागदावर मात्र दगडाचा खनिज झाला. अमेरिकेतल्या मिनेसोटात समृद्ध खनिज संपत आल्यावर १९५०च्या दशकातच टॅकोनाइट दळून, चुंबकाने लोह वेगळे करून गोळ्या बनवायला सुरुवात झाली होती. आपल्या हेमेटाइटला ती सोपी वाट नाही, कारण ते साध्या चुंबकाला धरत नाही. बारीक दळावे लागते, वीज आणि पाणी जास्त लागते.

गोव्यातल्या खाणी २०१२मध्ये थांबल्या, २०१८मध्ये ८८ लीजेस (खाणपट्टे) रद्द झाली. गडचिरोलीत सूरजागडच्या डोंगरांमध्ये आता बीएचक्यूवर प्रक्रिया करण्याचा विषय पुढे आला आहे. तिथे दळलेल्या दगडाचा उरलेला चिखल कुठे साठवणार, हे आधी ठरायला हवे.