जुन्या स्पिरिट लेव्हलचा जीव काचेत असतो

यंत्रे बसवताना पृष्ठभाग समतल आहे का ते पाहायला वापरली जाणारी जुनी, बिडाची स्पिरिट लेव्हल हाती आली की आधी गंज दिसतो, मग उडालेला रंग. पण तिची सगळी अचूकता असते ती बोटाएवढ्या काचेच्या नळीत.

ही नळी दिसायला सरळ असली तरी आतून अगदी किंचित कमानदार घासलेली असते. आतल्या द्रवातला बुडबुडा नेहमी कमानीच्या सर्वांत उंच जागी जातो. कमान जितकी सपाट, तितका तो जास्त दूर सरकतो. एका मीटरला 0.02 मिलीमीटर इतका उतार दाखवणाऱ्या लेव्हलवर खुणा 2 मिलीमीटर अंतरावर असतील, तर कमानीची त्रिज्या 100 मीटर असावी लागते. एवढ्या प्रचंड वर्तुळाचा 10 सेंटीमीटरचा तुकडा घेतला, तर त्याचा मध्य टोकांपेक्षा जेमतेम 12.5 मायक्रॉन उंच भरतो, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी. हा आकार लोखंडी दांड्यावर घर्षण पूड लावून, नळी आतून घासून आणलेला असतो. म्हणून नळी फुटली तर लांबी-जाडी जुळणारी कुठलीही नळी बसवून चालत नाही. त्रिज्या बदलली की खुणांचा अर्थच बदलतो.

नळी शाबूत असेल, तर तिला शक्यतो हात लावू नये असे मला कळकळीने वाटते. बऱ्याच जुन्या लेव्हलमध्ये ती प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बसवलेली असते. प्लास्टर सैल झाले असेल तरच ते सुईने थोडे थोडे कोरून काढावे. उष्णता मात्र कधीच देऊ नये. आत अल्कोहोल किंवा ईथर असते. बंद नळीत ते प्रसरण पावले तर काच फुटते, शिवाय दोन्ही पदार्थ ज्वालाग्राही आहेत.

दुरुस्ती सुरू होते ती तळापासून. सरफेस प्लेटवर, म्हणजे अचूक सपाट केलेल्या पाटावर, निळ्या रंगाचा पातळ थर देऊन लेव्हल अलगद फिरवली की उंचवटे निळे होतात. तेवढेच स्क्रेपरने खरवडायचे, पुन्हा रंग, पुन्हा खरवडणे. पॉलिश पेपरवर तळ घासण्याचा मोह आवरावा. कडा गोल होतात आणि सपाटपणा जातो. 20 सेंटीमीटरच्या तळाचे एक टोक 4 मायक्रॉन उचलले गेले, तरी बुडबुडा एक घर, म्हणजे दोन खुणांमधले अंतर, सरकतो.

तळ झाल्यावरच नळी वर-खाली करणाऱ्या स्क्रूला हात घालावा, कारण खरवडल्याने तळाचे आणि नळीचे नाते बदललेले असते. इथे एक सुंदर गोष्ट आहे: लेव्हल तपासायला दुसरी अचूक लेव्हल लागतच नाही. समजा बुडबुडा मध्यापासून उजवीकडे 3 घरे आहे. लेव्हल त्याच जागी 180 अंशांत फिरवून ठेवली आणि आता तो आपल्या उजवीकडे 1 घर दिसला. फरक 2 घरांचा, त्याचा अर्धा म्हणजे 1 घर हा लेव्हलचा दोष. उरलेली 2 घरे हा पृष्ठभागाचा उतार. तेव्हा स्क्रू फिरवून बुडबुडा 2 घरांवर आणायचा, मध्यावर नव्हे! मध्यावर आणला, तर पृष्ठभागाचा उतार लेव्हलच्याच माथी मारल्यासारखे होते.

तळाला व्ही आकाराची खाच असेल, तर लेव्हल गोल दांड्यावर ठेवून बाजूला किंचित कलवून पाहावी. बुडबुडा लांबीच्या दिशेने सरकला, तर नळी आडवी तिरकी बसली आहे. ते बाजूच्या स्क्रूने सुधारायचे.

हे सगळे करताना हाताची ऊब फसवते. नळीच्या एका टोकाशी बोटे राहिली, तर बुडबुडा उबेकडे ओढला जातो. म्हणून प्रत्येक वेळी लेव्हल ठेवून हात काढावा, काही मिनिटे थांबावे आणि मगच वाचावे. स्क्रू आवळल्यावर रात्रभर तशीच ठेवून सकाळी पुन्हा उलटसुलट तपासावी. आवळताना आलेला ताण सैल होऊन अर्धे घर इकडचे तिकडे झालेले असू शकते.