भेटीचा रविवार कायद्यात नाही, आदेशात आहे

दिवाळीची सुट्टी जवळ आली की वेगळं राहणाऱ्या आईवडिलांमध्ये हमखास वाद उभा राहतो: मूल कोणाकडे, आणि किती दिवस? नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात असा वाद गेला की त्यावर आदेश होतो. पण ‘पहिला आणि तिसरा रविवार, सुट्टीचा निम्मा काळ’ असं भेटीचं वेळापत्रक कायद्याच्या कुठल्याही कलमात छापलेलं नाही. एकेका आदेशातून ते रूढ होत गेलं.

मूळ कायदा १८९० चा, पालक आणि पाल्य अधिनियम. पालक कोणाला नेमायचं, ताबा कोणाला द्यायचा, यावरच त्याचा भर. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातल्या कलम २६ मुळे ताबा, पालनपोषण आणि शिक्षण यांबद्दलचे आदेश वैवाहिक दाव्यातच मिळू लागले. पुढच्याच वर्षीच्या हिंदू अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) व पालकत्व कायद्याने पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहील असं म्हटलं आणि मुलाचं हित सर्वांत वर ठेवलं. ज्याच्याकडे मूल नाही त्याने त्याला केव्हा, कुठे भेटायचं, हे न्यायाधीशांवरच राहिलं.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात, कलम २१ मध्ये, भेटीचा उल्लेख स्पष्ट आला. तात्पुरता ताबा देताना भेटीची व्यवस्था ठरवता येते आणि भेटीने मुलाला अपाय होणार असेल तर ती नाकारावी लागते. ही दुसरी बाजू फार महत्त्वाची आहे. भेट सरसकट द्यायची नसते. २०१५ मध्ये विधी आयोगाच्या २५७ व्या अहवालाने संयुक्त ताब्याची, म्हणजे मूल आईवडील दोघांच्याही ताब्यात असण्याची, शिफारस केली. २०२० मध्ये यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष भेटीबरोबर फोन आणि व्हिडिओ कॉलवरचा संपर्कही मुलासाठी आवश्यक मानला.

मला खटकतं ते वेगळंच. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ मध्ये २००१ साली दुरुस्ती झाली: मुलांच्या पालनपोषणाचा आणि शिक्षणाचा अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा. भेटीच्या अर्जाला अशी मुदत नाही. चार वर्षांच्या मुलासाठी सहा महिन्यांची तारीख म्हणजे फार मोठा काळ.

म्हणून दोघांनी समझोत्याने ठरवलेल्या संमतीच्या अटी लिहितानाच बारकावे घालावेत. वडील रोज पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाणारे असतील तर मधल्या वारी संध्याकाळची भेट कागदावरच राहते. मुलाला आणायचं कोणी, सोडायचं कुठे, ताप आला किंवा दुसऱ्या दिवशी परीक्षा असली तर बदली दिवस कोणता, हे लिहिलेलं नसेल तर दर खेपेला नवा अर्ज. आणि वेळापत्रक एकदा ठरलं म्हणजे कायमचं नव्हे. ताब्याचे आदेश परिस्थितीनुसार बदलता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच रोझी जेकब प्रकरणात सांगितलं आहे. बालवाडीतल्या मुलासाठी लिहिलेला आदेश ते दहावीला गेल्यावर जाचक वाटू लागला, तर बदलाचा अर्ज त्याच न्यायालयात करता येतो.