जांभा आणि तांबडा मुरूम

कोल्हापुरात घराचा पाया भरण्यासाठी आलेल्या ट्रॉलीतला माल तांबडा दिसला, की त्याला सरसकट ‘तांबडा मुरूम’ म्हटले जाते. मग तो जवळच्या एखाद्या माळावरून उकरलेला असो, नाहीतर पन्हाळा, आजरा किंवा चंदगडकडच्या पठारावरचा जांभ्याचा, म्हणजे तांबड्या, भोकाभोकांच्या दगडाचा, चुरा असो. रंग सारखा असल्यामुळे ही गल्लत होते आणि ती समजण्यासारखीही आहे, कारण दोन्हींचे मूळ एकच आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून जो काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, तयार झाला, त्याच्यापासूनच मुरूम झाला आणि जांभाही झाला. तरीही बांधकामात, शेतीत आणि पाण्याच्या बाबतीत त्यांचे गुण इतके वेगळे आहेत, की त्यांना एका नावाने ओळखणे मला चुकीचे वाटते.

मुरूम म्हणजे अर्धवट कुजलेला काळा पाषाण. खडकाच्या भेगांत पाणी शिरते, कडांपासून तो झिजू लागतो आणि कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे त्याचे थर सुटत जातात. म्हणूनच मुरमाच्या खाणीत पुष्कळदा मधोमध न कुजलेला काळा गोटा शिल्लक सापडतो. झीज होताना खडकातले लोह गंजते आणि मुरमाला पिवळट, तपकिरी किंवा तांबूस रंग येतो, पण मूळ खडकातली बरीच द्रव्ये त्यात अजून टिकून असतात. विहीर खणताना माती संपली की मुरूम आणि त्याखाली अभंग खडक लागतो, हा क्रम आपल्याकडच्या शेतकऱ्याला पाठ असतो.

जांभ्याची गोष्ट याहून फार लांबची आहे. उष्ण हवामानात, पाऊस आणि कोरडा काळ आलटून पालटून येत असताना, दीर्घकाळ पाणी झिरपत राहिले आणि खडकातला चुना, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम व बरीचशी सिलिका वाहून गेली. मागे उरले ते मुख्यतः लोह आणि अॅल्युमिनियम. जेथे अॅल्युमिनियमचे प्रमाण फार वाढले, तेथे बॉक्साइट तयार झाले, आणि राधानगरी, शाहूवाडी व चंदगड या तालुक्यांत ते जांभ्याच्या सोबतीनेच सापडते. उरलेल्या लोहाने मग कणांना एकमेकांशी सांधले. ताजा जांभा खाणीत तुलनेने मऊ असतो, त्यामुळे त्याचे चिरे कापता येतात. तोच चिरा उन्हावाऱ्यात राहिला की टणक होतो. मुरूम मात्र उघड्यावर पडला की दिवसेंदिवस आणखी भुगा होत जातो. या दोघांतला खरा फरक मला येथेच दिसतो: मुरूम खडकाकडून मातीकडे निघालेला आहे, तर जांभा ती वाट चालून पुन्हा दगड झालेला आहे.

पन्हाळा आणि मसाई पठार यांचे सपाट माथे आणि त्यांच्या कडेचे तुटलेले कडे हे या टणकपणाचेच फळ आहे, कारण जांभ्याची टोपी वर असल्यामुळे खालचा पाषाण झिजला तरी माथा टिकून राहिला. पश्चिमेकडे पाऊस धो धो पडतो म्हणून आजच्या पावसाने हा जांभा घडवला असावा, असा समज होणे सोपे आहे. वास्तविक पठारांवरचा जांभा हा फार प्राचीन भूपृष्ठाचा, नद्यांनी दऱ्या खोदल्यानंतर मागे उरलेला तुकडा आहे.

ओळख पटवायची असेल तर रंगाकडे न पाहता खडा फोडून पाहावा. मुरमाचा खडा बहुधा बोटांनी चुरगळतो, आतून करडा किंवा पिवळट निघतो आणि त्यात पांढरे ठिपकेही दिसू शकतात. जांभा आतूनही तांबडा, मध्ये मध्ये पिवळा व जांभळट असतो आणि त्याला वेड्यावाकड्या नळ्यांसारखी भोके असतात. भरावासाठी आणि रस्त्यासाठी कठीण मुरूम पाणी मारून रोलरखाली चांगला दबतो. जांभ्याचा चुराही वापरतात, पण त्यात चिकणमाती जास्त आली तर तो भिजल्यावर ढिला पडतो, म्हणून घेण्यापूर्वी एक मूठ पाण्यात कालवून पाहिलेली बरी.

शेतीत हा फरक आणखी ठळक होतो. मुरमाड जमीन उथळ असली तरी तिच्यात पिकाला लागणारी द्रव्ये थोडीफार उरलेली असतात. जांभ्यावरची माती आम्लयुक्त आणि निःसत्त्व असते. आजरा-चंदगडकडे काजू तग धरतो तो याच मातीत. जांभ्यात पाणी मात्र सहज मुरते, खालच्या चिकट थरावर अडते आणि कड्याच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर पडते.