सर्नच्या ‘बीमलाइन फॉर स्कूल्स’साठी अर्ज कसा करायचा: पात्रता, प्रस्ताव आणि कागदपत्रं

पाच मुलांनी मिळून एक प्रयोग सुचवायचा, तो हजार शब्दांत लिहायचा, सोबत एक मिनिटाचा व्हिडिओ जोडून पाठवायचा. निवड झाली तर जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत (काही वेळा दुसऱ्या संस्थेत) जाऊन तोच प्रयोग खऱ्या कणांच्या झोतावर स्वतःच्या हातांनी करायचा. निवडलेल्या संघांच्या प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च आयोजक करतात. अर्जाला फी नाही, मार्कशीट कुणी मागत नाही. तरीही स्टाफरूममध्ये या स्पर्धेचा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘पण हे आपल्या मुलांसाठी आहे का?’

आहे. २०१८ साली जगभरातून जे दोन संघ निवडले गेले, त्यातला एक फिलिपीन्समधल्या मनिलाचा होता आणि दुसरा मुंबईच्या आर. एन. पोदार शाळेचा. मुंबईच्या मुलांच्या संघाचं नाव होतं ‘क्रिप्टिक ऑन्टिक्स’. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात कसे वळतात, हा त्यांचा विषय. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. चुंबकीय क्षेत्रात विद्युतभारित कण वळतो हे आपण दरवर्षी फळ्यावर काढून दाखवतो, बोर्डाच्या पेपरात त्यावर गणित येतं आणि धडा तिथेच संपतो. मुंबईच्या त्या मुलांनी तोच धडा पुढे नेला. म्हणून ही सगळी प्रक्रिया एकदा नीट, मराठीत लिहून ठेवतोय.

कोण अर्ज करू शकतं

संघात किमान पाच विद्यार्थी हवेत आणि सोबत किमान एक प्रौढ मार्गदर्शक. मार्गदर्शक बहुतेकदा शिक्षक असतात. स्पर्धा सोळा वर्षं किंवा त्याहून मोठ्या, शालेय शिक्षण चालू असलेल्या मुलांसाठी आहे. आपल्याकडची अकरावी-बारावी त्यात बसते, मग ती शाळेला जोडलेली असो की स्वतंत्र ज्युनिअर कॉलेजात. पदवीला गेलेल्या मुलांसाठी मात्र ही स्पर्धा नाही. संघ एकाच शाळेचा असावा लागत नाही. २०२३ मध्ये निवडल्या गेलेल्या पाकिस्तानच्या संघात पाच वेगवेगळ्या शाळांमधली मुलं होती. आपल्या तालुक्याच्या गावी एका कॉलेजात अशी पाच मुलं मिळाली नाहीत, तर शेजारच्या दोन कॉलेजांना एकत्र येण्यापासून कुणी अडवत नाही. नावं किती द्यायची हेही विचारपूर्वक ठरवा. प्रत्यक्ष प्रयोगाला आजवर एका संघातून नऊपर्यंत विद्यार्थी आणि दोन मार्गदर्शक बोलावले गेले आहेत. पंधरा जणांचा संघ केलात, तर निवड झाल्यावर कुणाला मागे ठेवायचं हे तुम्हालाच ठरवावं लागेल, आणि ते फार अवघड जातं.

अकरावीचीच मुलं घ्या, असा माझा आग्रह आहे. अलीकडच्या वर्षांत अर्जाची शेवटची तारीख एप्रिलच्या मध्याच्या आसपास असते. त्याआधीचे दोन महिने बारावीच्या मुलांचे बोर्डाच्या परीक्षेत जातात आणि नंतर जेईई, नीट, सीईटी समोर उभ्या असतात. अकरावीच्या मुलाला दिवाळीपासून मार्चपर्यंत डोकं मोकळं ठेवून विचार करता येतो.

झोत म्हणजे नेमकं काय मिळतं

बरेच प्रस्ताव इथेच घसरतात. मुलांनी सर्न म्हटलं की सत्तावीस किलोमीटरचा लार्ज हॅड्रॉन कोलायडर आणि हिग्ज बोसॉन एवढंच ऐकलेलं असतं, म्हणून ‘आम्ही कृष्णद्रव्य शोधणार’ असं लिहून मोकळी होतात. स्पर्धेत मिळतो तो झोत तिथला नसतो. सर्नमध्ये तो मिळतो प्रोटॉन सिंक्रोट्रॉन या १९५९ पासून चालणाऱ्या, ६२८ मीटर परिघाच्या जुन्या त्वरकावर, म्हणजे कणांचा वेग वाढवणाऱ्या यंत्रावर. त्यातून निघालेले प्रोटॉन एका लक्ष्यावर आदळतात आणि इलेक्ट्रॉन, पायॉन, म्यूऑन, केऑन, प्रोटॉन असे अनेक कण बाहेर पडतात. चुंबक लावून त्यातून हव्या त्या संवेगाचे आणि हव्या त्या विद्युतभाराचे कण वेगळे काढून प्रयोगाच्या जागी आणले जातात. वाटेत सिंटिलेटर (कण आरपार गेला की चमकणारा पदार्थ), चेरेन्कोव्ह गणक, तारांचे कक्ष, कॅलरीमीटर अशी कण टिपणारी उपकरणं ठेवता येतात. त्यांची यादी स्पर्धेच्या माहितीपत्रकात असते. ते माहितीपत्रक संघातल्या प्रत्येकाने वाचलंच पाहिजे.

२०१९ ते २०२१ या काळात सर्नचे त्वरक मोठ्या देखभालीसाठी बंद होते, तेव्हा निवडलेले संघ जर्मनीत हॅम्बुर्गच्या डेझी या संस्थेत गेले. तिथला झोत फक्त इलेक्ट्रॉन किंवा पॉझिट्रॉनचा, एक ते सहा जीईव्हीचा (जीईव्ही म्हणजे अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट, कणांची ऊर्जा मोजायचं एकक). तुमचा प्रयोग प्रोटॉनवर बेतलेला असेल तर तो तिथे होऊच शकत नाही. म्हणून त्या वर्षी कुठली सुविधा उपलब्ध आहे ते आधी पाहा, मग विषय ठरवा.

प्रस्ताव जमतोय की नाही हे वहीतल्या गणितावरून कळतं. समजा मुलांना पायॉन आणि प्रोटॉन वेगळे ओळखायचे आहेत, आणि दहा मीटर अंतरावर दोन सिंटिलेटर ठेवून कण एकातून दुसऱ्यात पोहोचायला किती वेळ लागतो ते मोजायचं आहे. संवेग एक GeV/c असेल (c म्हणजे प्रकाशाचा वेग) तर पायॉनला सुमारे ३३.७ नॅनोसेकंद लागतात आणि प्रोटॉनला ४५.७. बारा नॅनोसेकंदांचा फरक सहज मोजता येतो. तोच संवेग दहा केला की दोघंही प्रकाशाच्या वेगाच्या इतके जवळ जातात की फरक उरतो जेमतेम ०.१४ नॅनोसेकंद, आणि साधी मांडणी तिथे हात टेकते. हे गणित करायला सापेक्षतेचं एकच सूत्र लागतं. माझ्या वर्गातल्या मुलांनी हे एका दुपारी केलं. फळ्यावर ०.१४ आल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘म्हणजे जास्त ताकद लावली तर काम बिघडतं!’ असं एक वाक्य सापडलं की प्रस्तावाचा गाभा सापडला.

प्रस्ताव लिहिताना

आधी संघाची नोंदणी करायची: संघाचं नाव, शाळा, मुलांची माहिती, मार्गदर्शकाचा संपर्क. नोंदणी लवकर करून ठेवा, म्हणजे पुढच्या सूचना ईमेलवर येत राहतात. मग प्रस्ताव. तो इंग्रजीत, हजार शब्दांच्या आत. आम्हाला का यायचं आहे, प्रश्न काय आहे, कुठले कण आणि कुठली उपकरणं वापरणार, काय मोजणार आणि त्या मोजमापातून उत्तर कसं काढणार, एवढं सगळं त्यात बसवायचं असतं. पहिला खर्डा हमखास दोन हजार शब्दांचा होतो आणि त्यातला अर्धा भाग विश्वाच्या उत्पत्तीवर खर्च झालेला असतो. तो अर्धा आधी काढा. मांडणीची एक आकृती काढा, तिच्यावर अंतरं लिहा.

शिक्षकांना एक कळकळीची विनंती. प्रस्ताव तुम्ही लिहू नका. हा प्रस्ताव भौतिकशास्त्रज्ञ वाचतात आणि आठवड्याला तीन तास लॅबमध्ये उभ्या राहणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाची भाषा ते ओळखतात. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. व्हिडिओचंही तसंच. मोबाइलवर, आपल्याच लॅबमध्ये, मुलांनीच बोललेला एक मिनिट पुरतो.

जवळच्या विद्यापीठाकडे जा

भारत १६ जानेवारी २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. मुंबईची टीआयएफआर आणि बीएआरसी, पुण्याची आयसर सर्नच्या सीएमएस प्रयोगात आहेत. आयआयटी मुंबईचे संशोधक अॅलिस प्रयोगात आहेत. म्हणजे कणभौतिकी प्रत्यक्ष करणारी माणसं आपल्यापासून एसटीच्या एका प्रवासाच्या अंतरावर आहेत. स्पर्धेचे देशोदेशी स्वयंसेवी संपर्क-शास्त्रज्ञही असतात, त्यांना प्रश्न विचारता येतात. पत्र लिहिताना ‘आम्हाला मार्गदर्शन करा’ एवढंच लिहू नका. ‘आमच्या मांडणीत सिंटिलेटरमधलं अंतर दहा मीटर आहे, ते पुरेल का?’ असा नेमका प्रश्न एका परिच्छेदात विचारा. नेमक्या प्रश्नाला उत्तर द्यायला संशोधकालाही बरं वाटतं.

या देवाणघेवाणीसाठी एक आंतरराष्ट्रीय जाळंही उभं आहे. कणभौतिकीचं संशोधन लोकांपर्यंत आणि शाळांपर्यंत नेण्यासाठी १९९७ मध्ये युरोपात एक गट तयार झाला. तो पुढे जगभर पसरला आणि आज इप्पोग (IPPOG) या नावाने ओळखला जातो. २००५ पासून त्याच्या ‘इंटरनॅशनल मास्टरक्लासेस’ दर वसंत ऋतूत होतात. विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत एका दिवसासाठी शाळकरी मुलं येतात, सकाळी संशोधकांकडून व्याख्यान ऐकतात आणि दुपारी कोलायडरवर नोंदलेला खरा डेटा उघडून बसतात. पडद्यावर एकेक टक्कर दिसते. दोन म्यूऑनच्या रेषा ओळखायच्या, त्यांचं एकत्रित वस्तुमान काढायचं, आलेखात टाकायचं. शेकडो टकरी झाल्या की ९१ जीईव्हीपाशी एक टेकडी उभी राहते. तो झेड बोसॉन हा कण. संध्याकाळी दुसऱ्या देशांतली मुलं आणि सर्नमधले संशोधक व्हिडिओ कॉलवर येतात आणि सगळे आपापले आकडे ताडून पाहतात. अर्ज करणाऱ्या संघाने असा एक दिवस अनुभवावा. वरच्या संस्थांपैकी कुणी तो घेतंय का, हे डिसेंबरातच विचारून ठेवा.

निवड झाली तर लागणारी कागदपत्रं

निकाल साधारण जूनमध्ये लागतो आणि प्रयोग बहुतेकदा सप्टेंबरच्या सुमारास, सुमारे दोन आठवडे चालतो. मधले महिने भराभर जातात. २०१४ मध्ये पहिल्याच वर्षी ५० देशांतून २९२ संघ आले आणि निवडले गेले दोनच. त्यामुळे ‘आधी निवड होऊ दे, मग पासपोर्ट बघू’ असं पालक म्हणतात. तरी पासपोर्ट आधीच काढून ठेवा.

अठराखालच्या मुलाच्या पासपोर्टसाठी पालकांचं अॅनेक्शर डी हे घोषणापत्र लागतं. पंधरा ते अठरा वयोगटात पासपोर्ट दहा वर्षांचा घेता येतो. खरी मेहनत असते नावं जुळवण्याची. आमच्याकडच्या एका मुलीचा जन्मदाखला काढला, तर त्यावर बाळाच्या नावाची जागा कोरी. जन्म नोंदवताना बारसं व्हायचं होतं, आणि नंतर नाव घालायला कुणी गेलंच नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तिचं नाव, मग वडिलांचं. आधारवर वडिलांचं नाव गाळलेलं. आधी जन्मदाखल्यात नाव चढवलं, मग आधार दुरुस्त केलं, मग पासपोर्टचा अर्ज. दोन महिने गेले. पासपोर्टच्या अर्जात आडनाव एका रकान्यात आणि स्वतःचं नाव वडिलांच्या नावासकट दुसऱ्या रकान्यात लिहायचं असतं, तिथेही बरीच मुलं गोंधळतात.

स्वित्झर्लंड आणि जर्मनी दोन्हीकडे शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने पासपोर्टची मुदत शिल्लक हवी, दोन पानं कोरी हवीत आणि किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा हवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो. अल्पवयीन मुलांसाठी आई-वडील दोघांच्या सहीचं संमतिपत्र आणि जन्मदाखला लागतो. एक पालक हयात नसेल किंवा वेगळे राहत असतील, तर त्याचा दाखला किंवा न्यायालयाचा आदेश आधीच हाताशी ठेवा. जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी प्रत काढून घ्या. आयोजकांचं निमंत्रणपत्र आणि कॉलेजचं बोनाफाइडही जोडावं लागतं.

आणि एक पत्र तुमच्या प्राचार्यांचं. प्रयोगाच्या सुमारास आपल्याकडे घटक चाचणी किंवा सहामाही येते आणि तोवर ही मुलं बारावीत गेलेली असतात. दोन आठवड्यांची हजेरी आणि बुडालेली परीक्षा नंतर घेण्याची तयारी, हे दोन्ही लेखी घ्या. जूनमध्ये, निकाल लागला त्याच आठवड्यात.