थीफ की असॅसिन? बाल्डर्स गेट ३ मधल्या रॉगच्या दोन वाटा

बाल्डर्स गेट ३ या लॅरियन स्टुडिओच्या व्हिडिओ गेममध्ये रॉग, म्हणजे चोरपावलांनी वावरणारा पात्रवर्ग, तिसऱ्या लेव्हलला पोचला की गेम उपवर्ग निवडायला सांगतो. आर्केन ट्रिकस्टर बाजूला ठेवू, ते जादूचं प्रकरण आहे. पॅच ८ मध्ये आलेला स्वॅशबकलर उघड्यावर लढणारा, त्यामुळे तोही बाजूला. उरतात थीफ आणि असॅसिन. अंधारातून वार करणारा रॉग हवा असला की बहुतेक जण डोळे झाकून असॅसिन घेतात, आणि ज्यांना खिसे कापायचे असतात ते थीफ घेतात. दोन्ही निवडींमागची समजूत चुकीची आहे.

आधी थीफचं बघू. चोरी, कुलपं उघडणं, सापळे निकामी करणं या कशातही थीफला एका गुणाचाही जास्तीचा फायदा नाही. ही कामं स्लाइट ऑफ हँड या हातचलाखीच्या कौशल्यावर चालतात आणि पहिल्या लेव्हलला मिळणारी एक्सपर्टीज (खास प्रावीण्य) त्यात टाकली की दोन्ही उपवर्ग सारखेच. वर झेंटारिम अड्ड्यावरच्या ब्रेमकडून ग्लोव्ह्ज ऑफ थीव्हरी घेतले आणि सोबत्याकडून गायडन्स (फाशाला मदत करणारा मंत्र) टाकून घेतलं, की असॅसिनही तितक्याच सफाईने खिसा कापतो. हा गेम ज्यावर बेतला आहे त्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या, टेबलावर खेळल्या जाणाऱ्या पाचव्या आवृत्तीत थीफचं फास्ट हँड्स खरोखरच कुलपं, सापळे आणि वस्तू वापरण्यासाठी होतं. लॅरियनने ते पार बदललं. इथे प्रत्येक टर्नला, म्हणजे पाळीला, एक मुख्य अ‍ॅक्शन आणि एक छोटा बोनस अ‍ॅक्शन मिळतो. फास्ट हँड्स म्हणजे दर टर्नला एक जास्तीचा बोनस अ‍ॅक्शन, बास. शिवाय उंचावरून पडल्यावर निम्मीच इजा होते, आणि नवव्या लेव्हलला सुप्रीम स्नीक मिळतं, म्हणजे दर शॉर्ट रेस्टला (छोट्या विश्रांतीला) एकदा अदृश्य होण्याची सोय.

असॅसिनकडे तीन गोष्टी येतात. पहिली, ज्या शत्रूचा अजून टर्न आलेला नाही त्याच्यावर पहिल्या टर्नला अ‍ॅडव्हांटेज, म्हणजे वीस बाजूंचे दोन फासे टाकून मोठा धरायचा. दुसरी, सरप्राइज्ड (बेसावध गाठलेल्या) शत्रूला लागलेला प्रत्येक वार क्रिट, म्हणजे इजेचे फासे दुप्पट होणारा वार. तिसरी, लढाई सुरू होताच अ‍ॅक्शन आणि बोनस अ‍ॅक्शन दोन्ही परत मिळतात. नवव्या लेव्हलला वेषांतर मिळतं, पण त्यासाठी कोणी असॅसिन घेत नाही.

थोडक्यात, असॅसिनची सगळी मिळकत पहिल्या टर्नमध्ये आहे आणि थीफची प्रत्येक टर्नमध्ये थोडी थोडी. बाकी फरक यातूनच निघतात.

सरप्राइज ही असॅसिनची खासगी मालमत्ता नाही. लपून पहिला वार केला आणि शत्रूंनी आधी पाहिलं नसेल, तर ते कोणत्याही वर्गासमोर सरप्राइज्ड होतात आणि त्यांचा एक टर्न फुकट जातो. थीफला हे मिळतं, बार्बेरियनलाही मिळतं. असॅसिन त्या फुकट टर्नचं काय करतो, एवढाच त्याचा वेगळेपणा. दुसरी गल्लत याहून महागात पडते. लपलेला असणं आणि शत्रू सरप्राइज्ड असणं या दोन वेगळ्या स्थिती आहेत. सरप्राइज्डची खूण लढाई सुरू झाल्यावर लागते. म्हणून अंधारातून सोडलेला पहिला बाण हमखास क्रिट नसतो. त्याला लपल्यामुळे अ‍ॅडव्हांटेज असतो आणि रॉगचा जास्तीच्या इजेचा स्नीक अटॅक लागतो, इतकंच. हमखास क्रिट त्यानंतरच्या बाणाला. मग “माझा असॅसिन बिघडलाय का” असा प्रश्न पडतो. बिघडलेलं काही नसतं.

स्नीक अटॅकचा नियम दोघांना सारखा आहे. हत्यार फिनेस (डेक्स्टेरिटीवर, म्हणजे चपळाईवर चालणारं) किंवा लांबून मारायचं हवं, आणि अ‍ॅडव्हांटेज हवा किंवा आपला कोणी सोबती लक्ष्यापासून १.५ मीटरच्या आत हवा. डिसअ‍ॅडव्हांटेज (दोन फाशांतला लहान धरायचा) असला तर नाही. टर्नला एकदाच. पहिल्या लेव्हलला सहा बाजूंचा १ फासा, तिसरीला २, पाचवीला ३, अकरावीला ६.

आता प्रत्यक्ष हिशेब. रॉगची पाचवी लेव्हल, डेक्स्टेरिटी १८ म्हणजे +४, दोन्ही हातांत हँड क्रॉसबो. सहा बाजूंच्या फाशाची सरासरी ३.५. सगळे बाण लागले असं धरू.

लढाई सुरू करणारा बाण दोघांचाही १८ चा: क्रॉसबोचा एक फासा, स्नीक अटॅकचे तीन, वर ४. त्यात अ‍ॅक्शन खर्ची पडतो. पहिल्या टर्नला थीफच्या हातात फक्त दोन बोनस अ‍ॅक्शन उरतात, म्हणजे दुसऱ्या हाताचे दोन बाण. दोन्हींचे मिळून ७, त्यात नव्या टर्नचा स्नीक अटॅक १०.५, एकूण १७.५. असॅसिनला अ‍ॅक्शन परत मिळालेला असतो आणि समोरचा सरप्राइज्ड असतो. मुख्य बाण क्रिट: आठ फासे अधिक ४, म्हणजे ३२. दुसऱ्या हाताचा बाणही क्रिट, ७. शत्रूने डोळा उघडायच्या आत असॅसिन ५७, थीफ ३५.५. फरक २१.५.

पुढच्या टर्नपासून असॅसिन २१.५ करतो आणि थीफ २५. दर टर्नला फक्त ३.५ भरून निघतात, म्हणजे बरोबरी साधायला सहाहून जास्त टर्न. इतकी लांब लढाई क्वचितच होते. नुसता रॉग घेऊन थीफ केला की “एवढं नाव ऐकलं होतं, यात आहे काय” असं वाटतं ते याचमुळे. दुसऱ्या हाताच्या बाणात डेक्स्टेरिटीचा बोनस मिळत नाही, त्यामुळे जास्तीचा बाण किरकोळच राहतो.

पण फायटर या दुसऱ्या वर्गाची एक लेव्हल घेऊन टू-वेपन फायटिंग शैली घ्या. आता दुसऱ्या हाताचा प्रत्येक बाण ७.५ चा. सुरुवातीचा फरक १७.५ वर येतो आणि दर टर्नला ७.५ भरून निघतात, म्हणजे अडीच टर्नच्या आत बरोबरी. वर शार्पशूटर हे फीट (खास क्षमता) घ्या: नेमात -५, इजेत +१०. सुरुवातीचा फरक १७.५ च राहतो, पण दर टर्नला १७.५ भरून निघतात. एका टर्नमध्ये बरोबरी, आणि तिथून पुढे थीफ सुसाट. चौथ्या लेव्हलचं फीट शार्पशूटरवर घालवूनही १८ डेक्स्टेरिटी शक्य आहे. गेममधला रॉग सोबती अ‍ॅस्टॅरियन १७ वर सुरू होतो, आणि आंटी एथेल या चेटकिणीकडून सौद्यात मिळणारा केस एक गुण वाढवतो.

या हिशेबातून साहित्य कसं निवडायचं तेही कळतं. क्रिटला फासे दुप्पट होतात, ठरीव आकडे होत नाहीत. म्हणून असॅसिनला फासे गोळा करायला शिकवा: हंटर्स मार्क या मंत्राचा एक फासा, मेणबत्तीच्या ज्योतीत हत्यार बुडवून मिळणारा चार बाजूंचा आगीचा फासा, विषाचे फासे. बुडवायला बोनस अ‍ॅक्शन लागतो, पण लढाईआधी केलं तर त्याची कोण मोजदाद ठेवतं! थीफला उलटं. त्याला ठरीव आकडे हवेत, कारण ते प्रत्येक बाणाला चिकटतात. शार्पशूटरचे १० हे ठळक उदाहरण. मायकोनिड वस्तीतल्या डेरिथकडची कॉस्टिक बँड ही अंगठी दर वाराला २ आम्लाची इजा वाढवते. एका बाणाला ती नगण्य, तीन बाणांना दर टर्नला ६. ती असॅसिनच्या बोटात घालणं म्हणजे वाया घालवणं.

नेम चुकण्याचा हिशेब वरच्या आकड्यांत नाही, आणि तो थीफच्या बाजूने आहे. लागण्याची शक्यता ६५ टक्के धरली तर एका बाणाने स्नीक अटॅक लागण्याची शक्यता तेवढीच. दोन बाणांनी ८८, तीन बाणांनी ९६. मात्र त्यासाठी रिअ‍ॅक्शनच्या पानावर स्नीक अटॅक “विचारून” किंवा आपोआप लागेल असा ठेवा आणि हल्ला साध्या बटणाने करा. बाण लागल्यावरच तो खर्ची पडतो, मग हात कोणताही असो. स्नीक अटॅकचं वेगळं बटण दाबायची सवय लागली की मुख्य हाताचा बाण हुकल्यावर दुसऱ्या हाताला स्नीक अटॅक देता येतो हे लक्षातच येत नाही.

आता लपण्याचं. असॅसिनला लढाईच्या आधी लपावं लागतं, थीफ लढाई चालू असताना लपतो. दुसऱ्या लेव्हलपासून दोघांनाही बोनस अ‍ॅक्शनने हाइड करता येतं. असॅसिनकडे एकच बोनस अ‍ॅक्शन, त्यामुळे हाइड किंवा दुसऱ्या हाताचा बाण, दोहोंपैकी एक. थीफ बाण मारतो, दुसऱ्या हाताने आणखी एक मारतो, खांबाआड जातो आणि हाइड करतो. पुढच्या टर्नला परत अ‍ॅडव्हांटेजने सुरुवात. या गेममध्ये उडी, ढकलणं, औषधाची बाटली पिणं, हत्यार बुडवणं हे सगळं बोनस अ‍ॅक्शनवर चालतं. म्हणून उडी मारून माळ्यावर चढणं आणि तिथे लगेच लपणं हे एका टर्नमध्ये, मुख्य हल्ला शिल्लक ठेवून, थीफलाच जमतं. लढाईभर सावलीत वावरणारा रॉग डोळ्यांसमोर असेल तर तो थीफ.

असॅसिनचा सापळा नीट लावायचा तर गॉब्लिन छावणीतला ड्रोर रॅगझ्लिनचा दरबार हे चांगलं मैदान आहे. वर तुळया आहेत, खाली सगळे एकत्र जमलेले. गोंधळ होणार तो सोबत्यांमुळे. जड चिलखतवाल्याला स्टेल्थला (लपण्याच्या कौशल्याला) डिसअ‍ॅडव्हांटेज असतो, आणि तुमचा बाण सुटण्याआधी एक जण जरी दिसला तरी लढाई नेहमीच्या वाटेने सुरू होते, सरप्राइज गेलं. म्हणून आधी कीबोर्डवरचं जी दाबून गट सोडवा, बाकीच्यांना भिंतीआड ठेवा, आणि एकट्या रॉगला सी दाबून लपवा. शिफ्ट धरली की शत्रूंच्या नजरेचे लाल पट्टे दिसतात. नकाशाजवळच्या खुणेवरून आपण उजेडात आहोत, अर्धवट अंधारात की गडद अंधारात ते कळतं. पट्ट्यात उजेडात पाऊल पडलं तर फासा न टाकताच पकडले जाता. अर्धवट अंधारात स्टेल्थचा फासा पडतो. गडद अंधार सर्वांत सुरक्षित, पण डार्कव्हिजनवाल्याला तो अर्धवटच वाटतो, हे विसरून मुशाफिरी करू नका. पहारेकरी वळतात, म्हणून शिफ्ट आणि स्पेस दाबून टर्नवार चाल घ्या आणि पट्टा फिरला की पुढे सरका. उंचावरून मारलं तर नेमात +२. आणि युद्धाचे नगारे आधी फोडून टाका. ते वाजले की आसपासचे सगळे धावून येतात.

बाण सुटला की घाई नको. पहिला बाण साधा, दुसरा क्रिट, हे डोक्यात ठेवून सर्वांत चिवट शत्रू दुसऱ्या बाणासाठी राखा. सोबत्यांनाही एका टर्नमध्ये पोचता येईल इतक्या जवळ ठेवा, कारण फुकट मिळालेला टर्न सगळ्या गटाचा असतो.

संभाषणातून पेटणाऱ्या लढायांत सरप्राइज मिळत नाही आणि असॅसिनचं हमखास क्रिट जातं. तरी तो अगदीच रिकाम्या हाताने राहत नाही. या गेममध्ये इनिशिएटिव्ह, म्हणजे कोणाचा टर्न आधी, तो वीस बाजूंच्या फाशाने ठरत नाही, चार बाजूंच्या फाशाने ठरतो. डेक्स्टेरिटी +४ असलेला रॉग ५ ते ८ मध्ये येतो, म्हणजे बहुतेकांच्या आधी. ज्यांचा टर्न आलेला नाही त्यांच्यावर त्याला अ‍ॅडव्हांटेज, म्हणजे सोबती जवळ नसतानाही स्नीक अटॅकची सोय. अ‍ॅलर्ट फीटने +५ मिळाले की ही जागा पक्की होते.

बारा लेव्हलपर्यंत नुसता रॉग न ठेवणाऱ्यांसाठी: दोन्ही उपवर्गांचा गाभा तिसऱ्या लेव्हलला मिळून जातो. असॅसिनच्या ३ लेव्हल गट बांधतात त्या ग्लूम स्टॉकर रेंजरच्या ५ आणि फायटरच्या ४ शी. ग्लूम स्टॉकरला पहिल्या टर्नला एक जास्तीचा वार मिळतो, त्याला आठ बाजूंचा फासा जोडलेला असतो, आणि सरप्राइज्ड शत्रूवर तोही क्रिट. थीफच्या ३ लेव्हल ओपन हँड माँकच्या ९ ला जोडतात, कारण फ्लरी ऑफ ब्लोज हा ठोशांचा मारा बोनस अ‍ॅक्शनवर चालतो आणि थीफला तो टर्नला दोनदा मारता येतो. एकाच पात्राला दोन्ही उपवर्ग घेता येत नाहीत. पण तळावरचा विदर्स १०० सोन्याच्या नाण्यांत पात्र पहिल्या लेव्हलपासून नव्याने बांधू देतो, म्हणून दरबारावर चालून जाण्याआधी असॅसिन आणि पुढच्या लांब लढाईआधी थीफ, असंही करणारे आहेत.