कारागीर घडवायचा खर्च कोणी सोसायचा?

‘माणसं मिळत नाहीत’ ही तक्रार आज बांधकामाच्या ठेकेदारापासून जहाजबांधणीपर्यंत सगळीकडे ऐकू येते. वेल्डर, फिटर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, गवंडी, सुतार यांपैकी कोणीही शोधायला जा, जास्त मजुरी कबूल करूनही वाट बघावी लागते. भेटला तर तो बहुधा निवृत्तीला टेकलेला असतो. यावर एक ठरलेलं उत्तर तयार असतं, ‘हल्लीच्या मुलांना कष्ट नकोत.’ मला ते पटत नाही. उमेदवारीचा, म्हणजे उस्तादाच्या हाताखाली राहून काम शिकण्याच्या पद्धतीचा, इतिहास पाहिला, तर मुलांनी पाठ फिरवण्याच्या कितीतरी आधी शिकवणाऱ्यांनी हात आखडता घेतलेला दिसतो.

आधी उमेदवारीत नेमकं काय घडतं ते पाहू. फिटरकाम शिकायला आलेल्या मुलाला पहिल्या दिवसांत व्हाइसमध्ये पोलादाचा ठोकळा आवळून देतात आणि हातात कानस देतात. ठोकळ्याची एक बाजू सपाट करायची, एवढंच काम. पण कानस पुढे सरकते तसा दोन्ही हातांचा दाब बदलत जावा लागतो. सुरुवातीला टोकाकडच्या हातावर जोर, शेवटी मुठीकडच्या हातावर. हे जमलं नाही की कानस झोके खाते, कडा जास्त घासल्या जातात आणि मध्ये फुगवटा राहतो. मुलगा गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, लावून ठोकळा उजेडासमोर धरतो, तर दोन्ही कडांपाशी उजेडाची फट दिसते. पुन्हा घासायचं. उस्ताद जाता जाता त्याचं कोपर थोडं खाली करतो, पाय मागे घ्यायला लावतो आणि पुढे जातो. सरळ रेषेत हात चालणं एक दिवस जमतं, पण कसं जमलं ते त्या मुलालाही सांगता येत नाही. तोवर त्याच्या हातून विकण्याजोगी एकही वस्तू बनलेली नसते. पोलाद वाया गेलेलं असतं आणि उस्तादाचा वेळही.

हा तोटा कोणी सोसायचा? उमेदवारीचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

प्रश्न फार जुना आहे. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या बॅबिलोनमधल्या हम्मुराबीच्या कायद्यात त्यावर तोडगा सापडतो. कारागिराने सांभाळायला घेतलेल्या मुलाला आपला हुन्नर शिकवला, तर तो मुलगा परत मागता येणार नाही. शिकवला नाही, तर मुलाने बापाच्या घरी परत जावं. शिकवलंस तर हात तुझे, असा रोखठोक व्यवहार होता.

मध्ययुगीन युरोपात गिल्ड म्हणजे एकेका धंद्याचे संघ आले आणि त्यांनी हाच व्यवहार कागदावर आणला. करार एकाच चामड्याच्या पानावर दोनदा लिहायचे आणि दोन मजकुरांच्या मधून वेडावाकडा काप द्यायचे. एक तुकडा उस्तादाकडे, दुसरा मुलाकडच्यांकडे. भांडण झालं की दोन्ही तुकड्यांचे दात जुळतात का ते बघायचं. उस्तादाने खाऊपिऊ घालायचं, राहायला जागा द्यायची, काम शिकवायचं. मुलाने ठरलेली वर्षं सोडून जायचं नाही. लंडनमध्ये ती सात होती. पहिल्या वर्षांत उस्तादाचा तोटा व्हायचा, शेवटच्या वर्षांत तयार हात फुकटात मिळून तो भरून निघायचा. १५६३ मध्ये इंग्लंडने ही सात वर्षं कायद्यानेच देशभर लागू केली.

या व्यवस्थेचं गुणगान करायची माझी इच्छा नाही. गिल्डं आपल्याच पोराबाळांना झुकतं माप द्यायची, बहुतेक धंद्यांत स्त्रियांना दार बंद असायचं आणि मारहाण तर शिक्षणाचाच भाग समजली जायची. बेंजामिन फ्रँकलिन बाराव्या वर्षी आपल्याच भावाच्या छापखान्यात उमेदवार म्हणून लागला आणि मार व जाच सोसून सतराव्या वर्षी, १७२३ मध्ये, मुदत संपायच्या आत पळाला. कापसाच्या गिरण्या आल्यावर तर ‘उमेदवार’ हा शब्दच बाटला. इंग्लंडमधली अनाथ, गरीब मुलं उमेदवारीच्या नावाखाली गिरण्यांना देऊन टाकली जात, आणि त्यांना दिवसाला बारा तासांपेक्षा जास्त राबवू नये एवढं सांगायला १८०२ मध्ये कायदा करावा लागला. तिथे शिकण्यासारखं काही नव्हतंच.

त्यामुळे या बंधनांवर टीका झाली ती रास्तच होती. अ‍ॅडम स्मिथ या अर्थशास्त्रज्ञाने १७७६ मध्ये लांबलचक उमेदवारी अनावश्यक ठरवली. त्याने सुचवलेला पर्याय मला महत्त्वाचा वाटतो. मुलाला पहिल्या दिवसापासून कामाच्या प्रमाणात पैसे द्यावेत आणि बिघडवलेल्या मालाची भरपाई त्याच्याकडूनच घ्यावी. शिकवण्याचा खर्च उस्तादाच्या डोक्यावरून उतरून शिकणाऱ्याच्या डोक्यावर गेला. फ्रान्सने १७९१ मध्ये गिल्डं मोडली, इंग्लंडने १८१४ मध्ये सात वर्षांची सक्ती काढली. जुलूम गेला, आणि शिकवण्याची जबाबदारीही त्याच्याबरोबर गेली.

पुढचा घाव कारखान्यांनी घातला. फ्रेडरिक टेलर हा अमेरिकन इंजिनिअर तरुणपणी स्वतः साचेकाम आणि यंत्रकामाची उमेदवारी करून आलेला. कारागिराच्या डोक्यातलं आणि हातातलं ज्ञान काढून व्यवस्थापनाच्या कागदावर आणायचं, कामाचे बारीक तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा ठरवून दिलेल्या पद्धतीने करून घ्यायचा, हा विचार त्याने मांडला. १९१३ मध्ये फोर्डच्या कारखान्यात सरकता पट्टा सुरू झाला. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत कसबी कामगारांची कामं तोडून थोडक्या शिक्षणावर आलेल्या बायकांना आणि पुरुषांना दिली गेली आणि उत्पादन झालंही. सगळे हात तयार करायची गरज नाही, हे मालकांनी त्यातून घेतलं. पण ते यंत्र बसवणारा, बिघडल्यावर दुरुस्त करणारा, साचा घडवणारा माणूस पट्ट्यावर तयार होत नाही, आणि त्याची गरज तर वाढतच होती.

जर्मनी वेगळ्या वाटेने गेला. तिथे १८९७ मध्ये हस्तव्यवसायांच्या मंडळांना कायद्याचं बळ मिळालं आणि १९०८ पासून हस्तव्यवसायात उमेदवार घ्यायचा तर मास्टरची, म्हणजे उस्तादपदाची, परीक्षा उत्तीर्ण असणं आवश्यक झालं. त्याच सुमाराला म्युनिकमध्ये गेओर्ग केर्शेनश्टाइनर यांनी काम करणाऱ्या मुलांसाठी शाळा उभ्या केल्या. आठवड्याचे काही दिवस कारखाना, काही दिवस शाळा ही पद्धत १९६९ च्या कायद्याने पक्की झाली. खर्च मालकाने, सरकारने आणि कमी विद्यावेतनावर काम करणाऱ्या मुलाने वाटून घेतला. स्वित्झर्लंडमध्ये आजही सुमारे दोन तृतीयांश मुलं याच मार्गाने जातात.

इतरत्र खर्चाचं कोडं सुटलं नाही. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये ते नेमकं मांडलं. जे कसब कुठल्याही कारखान्यात चालतं, ते शिकवायला मालक पैसे का घालेल? माणूस तयार झाला की शेजारचा चार पैसे जास्त देऊन त्याला उचलणार. योगायोग असा, की त्याच वर्षी ब्रिटनने उद्योगांकडून वर्गणी घेऊन शिकवणाऱ्याला अनुदान देणारी मंडळं स्थापली. न शिकवणाऱ्यालाही खर्चाचा वाटा उचलावा लागला. १९८० च्या दशकात त्यांतली बहुतेक मंडळं गुंडाळली, बांधकामाचं मंडळ मात्र टिकलं.

त्याच काळात आणखी एक गोष्ट घडली, जिच्याकडे मला वाटतं पुरेसं लक्ष गेलं नाही. रेल्वे, वीज, गॅस, जहाजबांधणी हे सरकारी उद्योग स्वतःच्या गरजेपेक्षा जास्त उमेदवार घ्यायचे. त्यांच्याकडे शिकून बाहेर पडलेल्यांवर छोटे धंदे चालायचे. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात हे उद्योग विकले गेले, तशी उमेदवारांची भरती ‘अनावश्यक खर्च’ म्हणून आधी कापली गेली. बांधकामात ठेक्याखाली ठेका सुरू झाला. दोन महिन्यांसाठी आलेला पोटठेकेदार चार वर्षांच्या उमेदवाराचं काय करणार? दरम्यान हुशार मुलाने कॉलेजलाच जायचं हे घराघरांत ठरून गेलं होतं. २०१७ मध्ये ब्रिटनने ३० लाख पौंडांपेक्षा जास्त वेतनखर्च असलेल्या मालकांवर अर्धा टक्का कर बसवला, तर त्यातला बराच पैसा आधीच नोकरीत असलेल्यांच्या व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांवर गेला. वर्कशॉपमधल्या नवशिक्याच्या वाट्याला कमीच आला.

भरती थांबल्याचा फटका त्या वर्षी दिसत नाही. आज वीस वर्षांचा उमेदवार घेतला नाही, तर पंधरा वर्षांनी पस्तिशीतला मिस्त्री नसतो. साठीचा उस्ताद आणि कालचा हेल्पर यांच्या मधली पायरीच गळालेली असते, आणि नवशिक्याला शिकवायचं काम नेमकं तीच पायरी करत असते.

जर्मनीलाही हे चुकलं नाही. २००४ मध्ये तिथे ५३ व्यवसायांसाठी मास्टरची अट काढण्यात आली. फरशी बसवण्याचा व्यवसाय त्यांपैकी एक. धंद्यांची संख्या झपाट्याने वाढली. पण त्यांतले पुष्कळसे एकट्या माणसाचे होते आणि एकटा माणूस उमेदवार ठेवत नाही. शिकणारी मुलं कमी झाली. २०२० मध्ये फरशीकामासह १२ व्यवसायांना अट पुन्हा लागू झाली. तिथे फरशीकामाची उमेदवारी तीन वर्षांची असते. त्यानंतर अनुभव, मग मास्टरची परीक्षा, आणि त्यानंतर कुठे तो माणूस स्वतःच्या हाताखाली पहिला मुलगा घेतो.